घोड्याचा केस

“शेपूट नीट धर. लक्ष कुठं हाय तुझं?” तात्या गाईच्या पोटाखालून म्हणाले.

मी शेपटाला आणखी एक पीळ दिला. चंद्राक्काची जर्सी मागचा पाय उचलू बघत होती. तात्या उकिडवे बसले होते, कपाळ तिच्या पोटाला टेकवून, धार काढायला बसावं तसे. ओठांत घोड्याच्या शेपटीचा एक लांब काळा केस धरलेला. गाईच्या पुढच्या सडावर बोराएवढा मस होता आणि त्याच्या आजूबाजूला तांदळाच्या कण्यांसारखे बारीक बारीक पंधरा-वीस. आमच्याकडं चामखिळीला मस म्हणतात. मोठा मस दोन दिवसांपूर्वी धार काढताना सोलवटला होता, आणि दुधात रक्ताची तार आली म्हणून दूध संस्थेनं चंद्राक्काचं दूध परत पाठवलं होतं.

तात्यांनी केस ओठांतून काढला, हळदीच्या तेलात बुडवला, दुहेरी केला आणि मसाच्या मुळाशी फास बसवला. गाय थरथरली.

“झालं, झालं. झालं गं बाई,” ते तिला म्हणाले. गाठ आवळताना ते नेहमी एवढंच म्हणायचे. पंचक्रोशीत लोक मंत्र आहे असं समजायचे.

मी आठ वर्षांची असल्यापासून त्यांच्याबरोबर जात होते. हळदीच्या तेलाची डबी माझ्याकडं असायची. एसटी स्टँडवरच्या टांगेवाल्याकडून केस आणायचे, शनिवारी सकाळी बांधायचे, मस वाळून गळाला की तो गोठ्याबाहेर पुरायचा. पैसे घ्यायचे नाहीत. घेतले तर गुण जातो. गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी, एवढं चालायचं. आमची जमीन दीड एकर, गाई दोन. पण कुठल्याही घरासमोरून जाताना बायका तात्यांना बघून डोक्यावरचा पदर सारखा करायच्या, तो त्या केसामुळं.

आणि एक नियम होता. एका गाईला हात लावला की गोठ्यातल्या प्रत्येकीला लावायचा. तिच्या कपाळावरून, पाठीवरून, कासेवरून हात फिरवायचा. “एकीला जवळ केलं आणि दुसरीला न्हाई, तर तिनं काय समजायचं?” हे तात्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलं होतं. घरात गूळ फोडला तरी ते आम्हां भावंडांना असंच वाटायचे. कमी असला तर खडे बारीक व्हायचे, पण कुणी राहायचं नाही.

गाठ बसली. तात्या उठले. उजव्या हाताच्या दोन बोटांना रक्त लागलं होतं, ते त्यांनी धोतराला पुसलं. गोठ्यात पलीकडं दोन कालवडी बांधलेल्या होत्या, एक गाभण. तात्या तिच्याकडं वळले.

“तात्या, तिला हात लावू नका.”

मी हे मोठ्यानं बोलले असणार. कारण दारात उभे असलेले भूपाल चौगुले, दूध संस्थेचे सेक्रेटरी, हसले.

“का गं शाले? कालवड तुला विचारून आली काय?”

चंद्राक्का वैरणीच्या पेंढीवर बसली होती. तिची सून शेवंता चुलीवरचं पाणी बघायला निघाली होती, ती थांबली. तात्या माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. मी काहीतरी विसरले असेन, डबीचं झाकण वगैरे, तसं बघत होते.

“का?” त्यांनी विचारलं.

इथं मला पोवळीबद्दल सांगायला हवं.

पोवळी माझी होती. माझी म्हणजे, ती जन्मली तेव्हा तिची आई, आमची थोरली गाय ढवळी, आजारी पडली आणि मी पोवळीला बाटलीनं दूध पाजून वाढवली. दहावीचा अभ्यास मी तिच्या गव्हाणीच्या कट्ट्यावर बसून करायचे आणि ती माझी वही चाटायची. ती पहिल्यांदा व्याली, श्रावणात, तेव्हा तिची पहिली धार मी काढली. आईचा दमा वाढल्यापासून घरातल्या दोन्ही धारा माझ्याकडंच होत्या. आधी ढवळी, मग पोवळी. थोरलीचा मान पहिला, हे आईनं शिकवलं होतं. धाकटीला आधी घेतलं तर थोरली पान्हा चोरते. ढवळीच्या सडांवर दोन-तीन मस वर्षभर होते. तात्यांनी दोनदा केस बांधला होता आणि दोन्ही वेळा नियमाप्रमाणं पोवळीच्या कासेवरूनही हात फिरवला होता.

कार्तिकात पोवळीच्या सडांवर मस उठले. महिन्याभरात चारही सड भरले. वासराचे दात लागून ते फुटायचे. पोवळी वासराला लाथ मारायची, मग मलाही मारू लागली. एका सडाचं तोंडच मसानं बंद झालं, दूध आत साठलं, दगडी झाली. कास दगडासारखी टणक आणि तापलेली. संस्थेच्या शिबिराला तालुक्याहून डॉक्टर आले होते, त्यांनी सुई दिली, सळई घालून सड मोकळा करायचा प्रयत्न केला. तो सड गेला तो गेलाच. जाताना त्यांनी मला एक पुस्तिका दिली. ‘जनावरांचे त्वचारोग’, सोळा पानांची, पिवळ्या मुखपृष्ठाची. “तू वाचतेस ना? घरच्यांना वाचून दाखव,” असं म्हणाले.

ती मी आदल्या संध्याकाळी तीनदा वाचली होती. आता ती माझ्या परकराच्या कमरेला खोचलेली होती.

“ह्यात लिहिलंय,” मी पुस्तिका काढून म्हणाले.

“वाच की मग,” भूपालअण्णा म्हणाले. “तात्या, पोरगी दहावीला बसली. आता तुमची परीक्षा.”

“वाच,” तात्या म्हणाले.

मला पान शोधावं लागलं नाही. मी शाळेत धडा वाचावा तसं, स्पष्ट, वाचलं. चामखिळी हा रोग विषाणूंमुळे होतो. चामखिळीतून आलेले रक्त हातास अगर दोरीस लागून निरोगी जनावराच्या अंगावरील बारीक ओरखड्यात गेल्यास त्या जनावरास लागण होते. चामखीळ केसाने अथवा दोऱ्याने बांधून तोडण्याचा प्रयत्न करू नये. उपचार करणाऱ्याने एका जनावरानंतर दुसऱ्या जनावरास हात लावण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

पान तिथं संपत होतं.

बांधलेली गाय पाय आपटत होती. तात्यांनी उजवा हात वर करून बघितला. बोटांच्या पेरांत रक्त वाळलं होतं, नखाखाली हळद होती. ते हात बघत असतानाच मी म्हणाले, “पोवळीला तुमच्या हातानं झालं.”

हे पुस्तिकेत नव्हतं.

“शाले,” चंद्राक्का म्हणाली. “बापाशी बोलतीयास.”

“बोलू दे, अक्का.” तात्या माझ्याकडं आले. पुस्तिका त्यांनी घेतली नाही. ते चौथी शिकलेले, बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचायचे. त्यांनी फक्त विचारलं, “पुढं?”

“एवढंच आहे,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग शेवंताला म्हणाले, “बाई, अंगाचा साबण असंल तर दे जरा.”

शेवंतानं गुलाबी साबणाची वडी आणून दिली. गुरांच्या पाण्याच्या डोणीपाशी बसून तात्यांनी हात धुतले, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. साबण नखात भरून काडीनं काढला. भूपालअण्णा काही विनोद करायच्या तयारीत होते. तेही दारातून बाजूला झाले. चंद्राक्कानं गुळाचा खडा पुढं केला तेव्हा तात्या म्हणाले, “आज न्हाई. आज काय काम झालं न्हाई माझ्या हातनं.”

त्या कालवडींना त्यांनी हात लावला नाही. मी जिंकले होते, असं मला वाटलं. मी पंधरा वर्षांची होते आणि माझ्या गाईचा एक सड मेला होता.

घरी जाताना ते पुढं आणि मी मागं. ओढ्यापाशी थांबून म्हणाले, “गेल्या सालापासनं कुणाकुणाच्या गोठ्यात गेलोय, तुला याद हाय न्हवं?”

मला आठवत होतं. अकरा घरं होती.

“सोमवारपास्नं जायाचं. तू संगं चल. मी सांगंन, पर मला कोण मानायचं न्हाई. म्हणतील, तात्याला कुणीतरी बिथरवलंय. तू वाचून दाखव.”

पाच दिवस आम्ही गेलो. शाळा सुटल्यावर, दिवस मावळायच्या आत. प्रत्येक गोठ्यात तेच. तात्या दाराशी उभे राहायचे, आत यायचे नाहीत. म्हणायचे, “तुमच्या जनावरांना माझा हात लागलाय. मस उठतील, न उठतील. उठले तर बांधू नका. डॉक्टरला बोलवा.” लोक हसायचे. एकानं, “तात्या, पैसे घ्यायला लागलासा काय कुठं, गुण गेला म्हणून ही नाटकं?” असं विचारलं. मग तात्या माझ्याकडं बघायचे आणि मी वाचायचे. तेच चार वाक्यांचं पान. वाचून झालं की पुस्तिका मिटायचे.

एका म्हातारीनं तात्यांचा हात धरून रडून घेतलं. तिच्या म्हशीचे मस त्यांनीच घालवले होते. “असला कसला कागद,” ती मला म्हणाली. “बापाचा हात खातोय.”

अकराव्या घरून परतताना तात्या म्हणाले, “दे ते पुस्तक. चंद्राक्काची गाय बघून येतो. त्यांच्यात लागंल वाचायला.” मी दिली. ती मला पुन्हा दिसली नाही. मी मागितलीही नाही.

घोड्याचे केस त्यांनी जाळले. उरलेलं हळदीचं तेल आईनं भाजीच्या फोडणीला वापरलं. माघात पोवळी वडगावच्या बाजारात गेली. टेम्पोत चढवताना ती माझ्याकडं वळून बघत होती असं मी पुढं कित्येक वर्षं लोकांना सांगितलं. तसं काही झालं नव्हतं. ती वैरणीकडं बघत होती.

त्यानंतर तात्यांनी कुठल्याच जनावराच्या कासेला हात लावला नाही. आमच्या ढवळीच्यासुद्धा नाही. ते कदाचित सहन झालं असतं. पण दहावीच्या पहिल्या पेपराला निघताना मी वाकले, आणि त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही. दोन्ही हात जोडले, जसे देवळात जोडतात, आणि म्हणाले, “नीट लिही.” कॉलेजला कोल्हापूरला निघाले तेव्हा तसंच. लग्नात सगळ्यांनी अक्षता टाकल्या, मग आम्ही दोघं पाया पडलो. जावयाच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला, माझ्यापुढं जोडले. भावांच्या डोक्यावर ते हात ठेवायचे. माझ्या मुलीला कडेवर घेऊन गल्लीभर हिंडायचे. फक्त मी.

एकीला जवळ केलं आणि दुसरीला नाही, तर तिनं काय समजायचं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

मी पुढं पुस्तकांतच राहिले. सांगलीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढली. तात्यांना त्याचा फार अभिमान होता, असं दुसऱ्यांकडून कळायचं. “आमची शालन हजारो पुस्तकांची राखण करती,” असं ते सांगायचे म्हणे.

यंदाच्या आषाढात त्यांना मी सांगलीला आणलं. महिनाभर ते माझ्याकडं होते. दिसणं जवळपास संपलं होतं. दुपारी चहा झाला की मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. पावसाची, धरणाची, गावाकडची बातमी. बातमी संपली की ते डोळे मिटलेलेच ठेवून विचारायचे, “पुढं?”

“एवढंच आहे, तात्या.”

“बरं.”

रोज. एकाही दिवशी चुकलं नाही. मला वाटायचं, कमी ऐकू येतं, बातमी संपलेली कळत नाही. त्यांचे हात मी धुवायचे, कोमट पाण्यानं, साबण लावून, नखं काढून. एकदा मला वाटलं, आता हा ओला हात उचलून डोक्यावर ठेवतील. त्यांनी तो टॉवेलावर ठेवला.

गेले ते सकाळी, झोपेत. दिवसकार्य गावी झालं.

बाराव्या दिवशी चंद्राक्का आली. आता ती नव्वदीला टेकलीय. शेवंतानं तिला धरून आणली, ओट्यावर बसवली आणि आत बायकांना मदत करायला गेली. चंद्राक्कानं मला जवळ बसवून घेतलं. रडली नाही. थोडा वेळ गुडघे चोळत बसली.

“लई वाचतीयास म्हणं अजून,” ती म्हणाली.

“हो.”

“तुझ्या बापाला लई कौतिक त्याचं. तो मसाचा कागद हाय का गं ध्यानात? पिवळा?”

मी मान हलवली.

“आमच्याकडं ठेवून गेला होता. अकरा घरं फिरून झाली त्या सांजेला. शेवंताला म्हणाला, बाई, आमच्या शालीनं हितवर वाचलंय, त्याच्या म्होरं काय हाय ते वाच. शेवंता सातवी शिकलेली. तिनं वाचलं. पान उलटून.”

आत बायका भांडी घासत होत्या. मी त्या आवाजाकडं लक्ष द्यायचा प्रयत्न केला.

“मलाबी आठवतंय की. धारंचं हुतं त्यात. मसाच्या गाईची धार आखरीला काढायची म्हणून. हात न धुता एकीची काढून दुसरीची काढली, तर दुसरीला मस उठत्यात म्हणून. आन् पैलारू गाईला लवकर उठत्यात.” चंद्राक्का माझ्याकडं बघत नव्हती. “मी म्हटलं, तात्या, तुमच्यात धार कोण काढतंय? म्हटलं, मग तू एकलाच का घरोघर हात दावत हिंडलास? सांग की पोरीला. एवढं बोलली तुला, चार माणसांत.”

“काय म्हणाले?”

“म्हणाला, तिनं वाचलंय ते अक्का. आदल्या सांजंला तीनदा वाचत हुती, मी बगितलंय. म्होरचं पान तिला ठावं हाय.” चंद्राक्कानं गुडघे चोळायचं थांबवलं. “म्हणाला, चार माणसांत वाचलंय पोरीनं, तिचं वाचणं खोटं पडाय नको. आन् ती सांगंल की आपनहून. सांगंल तवा ऐकीन.”

शेवंता चहा घेऊन आली. चंद्राक्कानं बशीत ओतून प्यायला. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हाताऱ्या बायका फिरवतात तसा, कानशिलावर बोटं मोडून.

ते पान मला तेव्हा माहीत होतं. आदल्या संध्याकाळी तीनदा वाचलं ते तेच पान. चंद्राक्काच्या गोठ्यात मी चौथ्या वाक्यावर थांबले, कारण पाचवं वाक्य माझ्या हातांबद्दल होतं. आधी ढवळी, मग पोवळी, सकाळ-संध्याकाळ, श्रावणापासून, फडक्याला हात पुसून. अकरा घरांत अकरा वेळा मी तिथंच थांबले. तात्या प्रत्येक दाराशी उभे राहून ऐकत होते. त्यांच्या हातानं झालं की माझ्या, हे कुठल्याच डॉक्टरला सांगता आलं नसतं. पुस्तिकेतही त्याचं उत्तर नव्हतं.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर मी गोठ्यात गेले. तिथं आता भावाची मोटरसायकल असते आणि खताच्या गोण्या. गव्हाणीचा कट्टा मात्र तसाच आहे. मी त्यावर बसले आणि ते पान म्हटलं. मोठ्यानं, शाळेत वाचावं तसं.

रोगट गाईची धार सर्वांत शेवटी काढावी. एका गाईची धार काढल्यावर हात साबणाने न धुता दुसरीची धार काढल्यास सडांवर चामखिळी पसरतात. प्रथम व्यालेल्या तरुण गाईंस ही लागण लवकर होते. दावी, माश्या, व गव्हाणीस अंग घासणे यांमुळेही रोग पसरतो. बहुतेक चामखिळी काही महिन्यांत कोणत्याही उपचारावाचून आपोआप गळून पडतात.

एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. शेवटचं वाक्य संपल्यावर मी थांबले, आणि सवयीनं वाट पाहिली.

पुढं, असं कुणी विचारलं नाही.